शास्त्रज्ञ पाहुणे, विद्यार्थी यजमान

विद्यापीठात कोणी नामांकित शास्त्रज्ञ येणार अशी वार्ता पसरली, म्हणजे आठ दिवस तेथे एक प्रकारची लगबग चालू असते. सभागृह झाडले जाते, शाल-श्रीफळाची सिद्धता होते, स्वागतगीताच्या तालमी होतात. नियोजित दिवशी पाहुणे येतात. परिचयात वीस मिनिटे जातात, सत्कारात पंधरा. मग व्याख्यान होते, आभार मानले जातात, छायाचित्र निघते आणि पाहुण्यांची गाडी परतीच्या रस्त्याला लागते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना प्रेरणा दिली असे छापून येते. ही प्रेरणा म्हणजे नेमके काय, ती कोणाच्या पदरात पडली आणि महिन्याभराने तिचे काय झाले, याची वास्तपुस्त मात्र सहसा कोणी करीत नाही. या महिन्यात हाच विचार आमच्या वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे. आणि त्यासाठी क्षेत्र निवडले आहे ते चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांचे.

थोरांच्या दर्शनाने आयुष्याला वळण लागते, हे काही खोटे नव्हे. १८१२ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे नावाचा वीस वर्षांचा तरुण पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रवेशपत्रांवर तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्रे डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकावयास गेला. डेव्ही यांची वाणी रसाळ, कीर्ती मोठी; श्रोत्यांची दाटी होत असे. इतर श्रोते ऐकून घरोघर गेले. फॅरडेने मात्र टिपणे काढली, रात्री बसून ती सविस्तर लिहिली, आकृत्या रेखाटल्या, सर्वांचे मिळून स्वतःच्या हाताने पुस्तक बांधले आणि ते डेव्ही यांच्याकडे पाठवून दिले. पुढच्याच वर्षी तो त्यांचा साहाय्यक झाला. १८३१ मध्ये त्याने विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला, आणि चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर येथील औष्णिक विद्युत्केंद्राची जनित्रे आजही त्याच तत्त्वावर चालतात. व्याख्यान सर्वांनी एकच ऐकले होते. फरक पडला तो ऐकणाराने घरी जाऊन काय केले यामुळे.

आपल्याकडे हीच गोष्ट जयंत नारळीकर यांनी व्याख्यात्याच्या बाजूने साधली. पुण्याच्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक-संचालक. २०२५ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या व्याख्यानानंतर शाळकरी मुले स्वाक्षरीच्या वह्या घेऊन त्यांच्याभोवती गराडा घालीत. अशा वेळी ते मुलांना सांगत की, विज्ञानातील एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. मी उत्तर लिहीन, आणि त्या उत्तराखाली माझी सही असेलच. या साध्या युक्तीतले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. सही मागणारे मूल भक्त असते; प्रश्न धाडणारे मूल शिष्य होते. भक्ताला दर्शन पुरते, शिष्याला उत्तर हवे असते, आणि मिळालेल्या उत्तरातून त्याला दुसरा प्रश्न सुचतो.

आता आमच्या निवडलेल्या प्रदेशाकडे वळू. विदर्भाला शास्त्रज्ञांच्या मेळाव्यांची नवलाई नाही. भारतीय विज्ञान काँग्रेसची अधिवेशने नागपुरात १९२०, १९३१, १९४५, १९७४ आणि २०२३ या वर्षी भरली. १९२० मध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र रे अध्यक्षस्थानी होते, तर १९४५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर. पुढे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ साली ‘इन्स्पायर’ ही योजना काढली. तिच्यात अकरावीच्या हुशार विद्यार्थ्यांना पाच-पाच दिवसांच्या शिबिरांत नामवंत शास्त्रज्ञांच्या सहवासाची सोय करण्यात आली. हे सर्व स्तुत्यच होय. परंतु गडचिरोली शहर नागपूरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि सिरोंचा त्याच्याही पुढे सुमारे दोनशे किलोमीटर. नागपुरात लागलेल्या दिव्याचा उजेड इतक्या लांब पोहोचावा कसा?

गडचिरोली हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला, आणि २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी नागपूर विद्यापीठातून फुटून गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. येथील पुष्कळ विद्यार्थी असे, की घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढणारे तेच पहिले. यांच्यापुढे मोठा शास्त्रज्ञ उभा राहतो आणि दूरदेशीच्या प्रयोगशाळांचे, अब्जावधी रुपयांच्या यंत्रांचे वर्णन करतो, तेव्हा त्यांना आनंद होतो हे खरे. पण त्याबरोबर एक गैरसमजही मनात घर करतो. विज्ञान हे दुसरीकडे घडते, आपल्या वाट्याला त्याच्या वार्ता ऐकणे तेवढे येते, असा तो गैरसमज. प्रेरणा देण्यासाठी ठेवलेल्या सभेतून विद्यार्थी मनाने अधिक लहान होऊन बाहेर पडला, तर त्या सभेचे सार्थक काय?

वस्तुतः या विद्यापीठाचे नावच असे आहे, की ते ब्राझिलातल्या किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. गोंडांच्या या भूमीवरून येथील विशिष्ट खडकांच्या मालिकेला एकोणिसाव्या शतकात ‘गोंडवन’ हे नाव मिळाले, आणि ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाभूमीला ते बहाल केले. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे भूखंड एकेकाळी एकमेकांना चिकटलेले होते, याचा पुरावा ज्या दगडांतून गोळा झाला, त्यांतलेच दगड वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या काठी उघडे पडलेले आहेत. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा हा त्याच गोंडवन थरांतला. ज्या गावचे नाव जगाच्या नकाशावर गेले, त्या गावच्या मुलाला आपण आडबाजूचे आहो असे वाटावे, ही मोठीच विसंगती नव्हे काय?

शास्त्रज्ञ या अरण्यात पूर्वीही येत असत. पण त्यांच्या येण्याचे प्रकार निरनिराळे होते, आणि त्यांचा फरक पाहण्याजोगा आहे.

पहिला प्रकार येऊन, शोधून, परत जाणारांचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५७ साली पॅमेला रॉबिन्सन या ब्रिटिश जीवाश्मविदुषीला पाचारण केले. तिच्या मार्गदर्शनाखाली तरुण भारतीय भूशास्त्रज्ञांनी प्राणहिता-गोदावरीचे खोरे धुंडाळले, आणि सिरोंच्याच्या बाजूस कोटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची सुमारे तीनशे हाडे त्यांच्या हाती लागली. १९७५ मध्ये त्या प्राण्याचे ‘बारापासॉरस टागोराय’ असे बारसे झाले. पहिल्या पदात बंगालीतले ‘मोठा पाय’ आहे. दुसऱ्यात रवींद्रनाथ ठाकुरांचे स्मरण आहे, कारण उत्खनन सुरू झाले ते १९६१ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. त्या हाडांचा सांगाडा कोलकात्यास उभा आहे. हे संशोधन थोर खरेच, आणि सिरोंचा तालुक्यात वडधम येथे आता जीवाश्मांचे उद्यानही आहे. तरी त्या काळी ज्यांच्या गुरांच्या वाटेवर ही हाडे पडलेली होती, त्या मुलांपर्यंत या कथेतला कितीसा अंश पोहोचला असेल? सापडलेल्या हाडांत त्या प्राण्याची कवटी नव्हती. पाहुणा शास्त्रज्ञ सिरोंच्याच्या विद्यार्थ्यांना एवढेच जरी म्हणाला, की “मुलांनो, कवटी मिळालेली नाही, आणि ते दगड तुमच्या गावाजवळ आहेत,” तरी तासभराच्या उपदेशाने होणार नाही इतके काम त्या एका वाक्याने होईल.

दुसरा प्रकार येऊन राहणारांचा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढली. बालकांच्या न्युमोनियाचा प्रश्न त्यांनी कसा हाताळला, हे प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वर्गात सांगावे असे आहे. मूल मिनिटाला किती श्वास घेते हे मोजले तर न्युमोनिया ओळखता येतो. परंतु गावच्या सुइणींना मोठी गणती येत नव्हती. यावर तोड म्हणून मण्यांच्या तारा आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेले मणी सरकून गेले, तर आजार आहे असे समजून उपचार सुरू करावयाचे. गणती न येणारी बाई या उपायाने अचूक निदान करू लागली. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविण्यात आली, आणि ३९ गावांत झालेल्या या प्रयोगाचे फळ १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ सेविकांच्या द्वारे ही पद्धती देशभर स्वीकारली. अडाणी म्हणून जिला कोणी हिशेबात धरीत नसे, अशा बाईच्या हातात विज्ञान दिल्यावर जे घडले, त्याचा धडा देशाने गडचिरोलीपासून घेतला.

तिसरा प्रकार येऊन ऐकणारांचा, आणि हा सर्वांत दुर्मिळ. धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंडांचे छोटेसे गाव, शेजारच्या लेखा गावाच्या नावासह मेंढा-लेखा म्हणून प्रसिद्ध आहे. देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने तेथे गावकऱ्यांनी अभ्यासगट चालविले. जंगल, कायदा, मध, बांबू असा एकेक विषय घ्यावयाचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवावयाचे, त्याला प्रश्न विचारावयाचे आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसंमतीने घ्यावयाचा, अशी त्यांची रीत. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते.

या गावाशी नाते जोडलेल्या शास्त्रज्ञांत माधव गाडगीळ हे एक. हार्वर्डमध्ये शिकून आलेल्या या पर्यावरणशास्त्रज्ञाने रानातल्या माणसांकडून शिकण्यात कधी कमीपणा मानला नाही. कारवारकडच्या जंगलात बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी आच्छादन तोडून साफ करावयाचे, असा तेव्हाच्या वनव्यवस्थापनाचा शिरस्ता होता. गावकरी म्हणत की, काटे काढले म्हणजे कोवळे कोंब गुरांच्या तोंडी जातात. गाडगीळांनी आपल्या सहकाऱ्यांसह मोजमाप घेऊन पाहिले, आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. या कोंबांना गडचिरोलीकडे वास्ते म्हणतात. वास्त्यांची भाजी खाल्लेल्या प्रत्येक विद्यार्थ्यापाशी असे काही ना काही ज्ञान असते. ते ज्ञान आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

या तीन प्रकारांवरून आमचा अभिप्राय सांगतो. विद्यापीठात शास्त्रज्ञ आला म्हणजे विद्यार्थ्याने श्रोता म्हणून बसावे हे पुरेसे नाही. त्याने यजमान व्हावे. यजमानापाशी पाहुण्याला दाखविण्यासारखे काही असावे लागते. व्याख्यानाच्या आधी पंधरा दिवस विद्यार्थ्यांनी आपापल्या गावचे प्रश्न लिहून काढावेत. मोहाची फुले पहाटेच का गळतात? सिकलसेल हा रक्ताचा विकार या भागात इतका का आढळतो, आणि त्याचा मलेरियाशी काय संबंध? उन्हाळ्यात चंद्रपूर इतके का तापते? ताडोब्याच्या वाघाची वाट कोणत्या गावांतून जाते? यांपैकी सिकलसेलच्या प्रश्नाचे उत्तर अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले: या विकाराचा एकच अंश ज्याच्या रक्तात असतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. आफ्रिकेतल्या एका प्रश्नाचे धागेदोरे कोरची-भामरागडच्या घराघरात येऊन पोहोचतात, हे समजल्यावर ज्या विद्यार्थ्याच्या अंगावर काटा येणार नाही, असा विद्यार्थी विरळा.

दुसरी गोष्ट भाषेची. या विद्यापीठाच्या क्षेत्रात मराठीबरोबर गोंडी व माडिया बोलली जाते. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली ऐकू येते. अशा श्रोत्यांपुढे केवळ इंग्रजीतून झालेले व्याख्यान पळसाच्या पानावरच्या पाण्यासारखे ओघळून जाते. नारळीकरांनी विश्वरचनेसारखा अवघड विषय मराठीत आणून दाखविला आहे. तेव्हा मराठीतून विज्ञान सांगता येत नाही ही सबब आता चालावयाची नाही.

तिसरी गोष्ट पाठपुराव्याची. डॉ. अनिल काकोडकर हे २००९ पर्यंत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. पुढे महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. खेड्यातल्या माणसाला शहरातले ज्ञान व साधने खेड्यातच मिळावीत, ही कल्पना त्यांनी हिरिरीने मांडली. आणि त्या आयोगाच्या साहाय्याने गोंडवाना विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञानाचे संसाधन केंद्र उभे राहिले. पाहुणा निघून गेल्यावर त्याने जागविलेल्या प्रश्नाला घर लागते, ते अशा केंद्रात. त्याखेरीज प्रेरणा ही अत्तराच्या फायासारखी; वास दरवळतो आणि विरून जातो.

आता शेवटी जे सांगावयाचे ते आपल्या घरांना उद्देशून. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी प्राध्यापक आहेत, अधिकारी आहेत. बाहेरगावचा विद्वान पाहुणा पुष्कळदा जेवावयास अशा घरीच येतो. त्या वेळी मुलांना आतल्या खोलीत धाडू नये, आणि बाहेर बोलावून त्यांच्या गुणांची यादी पाहुण्यापुढे वाचूही नये. त्यांना पंक्तीला बसवावे आणि बोलू द्यावे. मुलाबरोबर कॉलेजात शिकणारा एखादा दूरच्या तालुक्याचा, वसतिगृहात राहणारा मित्र असेल, तर त्यालाही त्या दिवशी अगत्याने पानावर बोलवावे. सभागृहात पाचशेंच्या गर्दीत ज्याचा हात वर होत नाही, त्याचे तोंड वरणभाताच्या पानावर सहज उघडते.

याहून नाजूक प्रसंग पुढे येतो. व्याख्यान ऐकून आलेला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी म्हणते, “आजोबा, मला भूशास्त्र शिकायचे आहे,” किंवा “काकू, मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करणार.” एकत्र कुटुंबात असे वाक्य उच्चारावयाला धैर्य लागते, कारण ते एकाच्या नव्हे, दहा जणांच्या कानी पडते. कोणी म्हणते, त्यात पोट कसे भरणार? कोणी म्हणते, मुलीच्या जातीने रानोमाळ दगड शोधीत का हिंडावे? ही काळजी प्रेमापोटीच असते, आणि ती अगदीच निराधार असते असेही नाही. संशोधनाच्या वाटेवर स्थिर मिळकत उशिरा येते, हे उघडे सत्य आहे. तरीही वडील मंडळींना आमची विनंती एवढीच, की पहिल्याच दिवशी निकाल देऊ नये. घरात दहा माणसे असण्याचा हाच तर लाभ आहे, की एकाने काही वर्षे उशिरा मिळवावयास लागावे, एवढा भार बाकीच्यांनी सहज उचलावा. सिरोंच्याच्या खोऱ्यातील शोधमोहिमेला वाट दाखविणारी एक स्त्रीच होती. गडचिरोलीच्या खेड्यांत स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईही कोणाच्या तरी लेकी-सुना आहेत, हे अशा वेळी आठवावे.

आणि व्याख्यानाच्या दिवशी मूल घरी आले, म्हणजे “कोण आले होते?” एवढ्यावर न थांबता “तू त्यांना काय विचारलेस?” असे विचारावे. काही विचारले नसेल तर रागावू नये. एक पोस्टकार्ड किंवा वहीचा कागद पुढे करावा, आणि त्या आठवड्यात मुलाने आपला प्रश्न लिहून पाहुण्यांच्या पत्त्यावर धाडला की नाही, याची आठवण आजीने ठेवावी. घरातल्या बाकीच्यांच्या पुष्कळ गोष्टी विस्मरणात जातात. आजीच्या सहसा जात नाहीत.